जन्मतःच काही दात नसतील, तर त्याचा आतड्याच्या आजाराशी संबंध असतो का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. एखाद-दुसरा कायमचा दात मुळातच न येणं तसं नेहमीचं आहे. अशा वेळी कारण सहसा डब्ल्यूएनटी१०ए, एमएसएक्स१, पॅक्स९ यांसारख्या जनुकांत असतं. तेवढ्यावरून पोटाच्या तपासण्यांमागे धावू नका.

अपवाद आहे अ‍ॅक्सिन२ या जनुकाचा. फिनलंडमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 11 जणांना किमान 8 कायमचे दात आलेच नव्हते आणि त्यांपैकी 8 जणांच्या मोठ्या आतड्यात कर्करोग किंवा त्याआधीचे बदल सापडले. कारण असं, की दाताचा अंकुर घडवणारी पेशींमधली संदेशयंत्रणाच आतड्याचं अस्तर सतत नवं करत असते. अ‍ॅक्सिन२ हा तिचा ब्रेक. तो बिघडला की तोंडात दात घडत नाहीत आणि आतड्यात पेशी नको तितक्या वाढू शकतात. पण अशी कुटुंबं फार विरळ.

अक्कलदाढा सोडून 6 किंवा जास्त दात आलेलेच नसतील आणि घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या लहान गाठी) झाले असतील, तर जनुकीय सल्लागाराला जरूर भेटा. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, कधीपासून करायची, हे तेच ठरवतील. त्याआधी दातांचा पूर्ण एक्स-रे काढा. हिरडीत अडकलेला दात ‘नसलेला’ धरला जातो, हे फार वेळा होतं. किडून काढलेले दात तर या हिशेबात येतच नाहीत.