राखमानिनोव : वादक अधिक की रचनाकार अधिक?

प्रश्न : रशियन पियानोवादक आणि रचनाकार सेर्गेई राखमानिनोव यांचा दुसरा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. त्यांच्याविषयी वाचताना असे दिसले की, १९१७ साली देश सोडेपर्यंत त्यांनी भरभरून लिहिले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत मात्र मोजक्या सहाच मोठ्या रचना केल्या. मायभूमी दुरावल्यामुळे त्यांची प्रतिभा आटली, असे म्हणणे योग्य ठरेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : देश गमावला तेव्हा आपण स्वतःलाच गमावून बसलो, अशा आशयाचे राखमानिनोव स्वतःही बोलले होते आणि त्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. रशियात असताना सत्तरहून अधिक गीते लिहिणाऱ्या या माणसाने परदेशात पियानोच्या साथीचे एकही नवे गीत लिहिले नाही, यावरून मातृभाषा ऐकू येईनाशी झाल्यावर काय होते ते कळते. तरीही प्रतिभा आटली, हे मला पटत नाही. आटला तो वेळ. या सहा रचना वर्षाच्या कोणत्या काळात लिहिल्या गेल्या ते पाहिले की हे ध्यानात येते.

वादन आणि रचना यांची ओढाताण त्यांच्या आयुष्यात फार लवकर सुरू झाली होती. १८७३ मध्ये जन्मलेला हा मुलगा बारा वर्षांचा असताना मॉस्कोत निकोलाय झ्वेरेव या कडक शिस्तीच्या शिक्षकाच्या घरी राहायला गेला. पहाटे सहाला उठून रियाजाला बसण्याचा तिथे नियम होता, आणि पुढे जगाने ज्या बोटांची वाहवा केली ती याच घरात घडली. सोळाव्या वर्षी त्याने रचना करण्यासाठी स्वतंत्र खोली आणि पियानो मागितला, तेव्हा गुरू संतापले आणि शिष्याला ते घर सोडावे लागले. रशियात पुढे त्यांनी या दोन्ही कामांचा मेळ घातला. ते मैफलींत बहुतेक स्वतःच्याच रचना वाजवत, काही काळ वाद्यवृंदाचे संचालन करत आणि उन्हाळ्यात तांबोव्ह प्रांतातल्या इवानोव्का या शेतवाडीवर जाऊन लिहीत असत. तिसरा कॉन्चेर्टो १९०९ च्या उन्हाळ्यात तिथेच पूर्ण झाला, आणि अमेरिकेला जाताना बोटीवर त्यांनी आवाज न करणाऱ्या पट्ट्यांच्या संचावर त्याचा सराव केला.

क्रांतीत इवानोव्का गेली. डिसेंबर १९१७ मध्ये पत्नी आणि दोन मुलींना घेऊन, स्टॉकहोममधल्या मैफलींच्या निमंत्रणाचा आधार घेत, ते फिनलंडमार्गे बाहेर पडले. हातात जेमतेम पैसा होता, आणि जुन्या रचनांवरही विसंबून राहता येत नव्हते. ज्या प्रेल्यूडसाठी, म्हणजे पियानोच्या एका छोट्या रचनेसाठी, श्रोते जगभर हट्ट धरत, ते त्यांनी तरुणपणी चाळीस रूबलना विकले होते, आणि परदेशात त्याचे हक्क सुरक्षित नसल्याने त्यावर त्यांना मानधन मिळत नसे. अमेरिकेत वाद्यवृंद-संचालकाची पदे चालून आली असताना ती नाकारून त्यांनी पियानोवादकाचा पेशा पत्करला. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी बेथोव्हन, शोपँ, लिस्ट यांच्या रचना बसवत नव्याने संच उभा करायचा, आणि काही हंगामांत तर सत्तरच्या घरात मैफली करत गावोगाव आगगाडीने फिरायचे. असे वादन करणारा माणूस हिवाळ्यात काही लिहू शकेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता त्या सहा रचनांकडे पाहावे. चौथा कॉन्चेर्टो आणि समूहगायन व वाद्यवृंदासाठीची तीन रशियन गाणी ही १९२६ सालची, आणि त्या वर्षी त्यांनी मैफलींपासून मुद्दाम सुट्टी घेतली होती. इटालियन रचनाकार कोरेल्लीच्या चालीवरची बदलरूपे (एकच चाल दर वेळी वेगळ्या रूपात मांडणारे तुकडे) १९३१ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये लिहिली गेली. त्यानंतर त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये लुत्सर्न सरोवराकाठी ‘सेनार’ हे घर बांधले, आणि १९३४ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे सात आठवड्यांत इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीच्या चालीवरची रॅप्सडी (हीही पियानो आणि वाद्यवृंदासाठीची बदलरूपांची मालिकाच) पूर्ण केली. तिसरी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) हीही सेनारचीच, आणि अखेरचे ‘सिम्फॉनिक डान्सेस’ १९४० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर झाले. जिथे सवड मिळाली तिथे रचना झाली. रॅप्सडीतले अठरावे बदलरूप अवश्य ऐकावे. मूळ चालीत जिथे स्वर वर चढतात तिथे ते खाली उतरवले आणि उतरतात तिथे चढवले, एवढ्या एका उलटापालटीतून ती विलक्षण मधुर चाल निघाली आहे. आटलेल्या प्रतिभेचे हे काम नव्हे.

मात्र वादकाची नजर रचनाकाराला कधी कधी जाचत असे. कोरेल्लीची बदलरूपे वाजवताना श्रोत्यांचा खोकला वाढला की पुढचे बदलरूप गाळायचे, असे त्यांनी स्नेही रचनाकार मेट्नर यांना पत्रात कळवले होते. एका लहान गावी त्यांनी विसांपैकी दहाच वाजवली. हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण श्रोत्यांपुढे रोज बसणाऱ्या माणसाइतका आपल्या रचनेविषयी साशंक दुसरा कोणी होत नाही.

प्रश्न : पहिल्या सिम्फनीच्या अपयशानंतर संमोहनाने त्यांच्यावर उपचार झाले आणि त्यातून दुसरा कॉन्चेर्टो जन्मला, ही कथा खरी आहे का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : गाभा खरा आहे. १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ही सिम्फनी पुरेशा तालमीअभावी वाईट सादर झाली, आणि समीक्षक सेझार क्युई यांनी तिची तुलना इजिप्तवरील सात अरिष्टांशी केली. त्यानंतर सुमारे तीन वर्षे राखमानिनोव यांच्या हातून महत्त्वाचे काही लिहिले गेले नाही. १९०० च्या आरंभी त्यांनी मॉस्कोतील डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे काही महिने उपचार घेतले, आणि कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केला. पण कथेत एक गोष्ट निसटते. या तीन वर्षांत ते अंथरुणाला खिळले नव्हते. ते मॉस्कोतल्या एका खासगी ऑपेरात संचालन करत होते, तिथेच त्यांची गायक शाल्यापिनशी मैत्री झाली, आणि १८९९ मध्ये लंडनलाही ते कार्यक्रम करून आले. शिवाय दाल स्वतः हौशी वादक होते आणि त्यांच्याशी संगीतावर गप्पा होत असत. त्यामुळे सारे श्रेय संमोहनाला देण्याची मला घाई वाटत नाही. त्या सिम्फनीची स्वरलिपी हरवली होती. वादकांच्या सुट्या प्रती नंतर लेनिनग्राडमध्ये सापडल्या, आणि १९४५ मध्ये मॉस्कोत ती पुन्हा वाजली, तेव्हा रचनाकाराला जाऊन दोन वर्षे झाली होती.

प्रश्न : माझी मुलगी पियानो शिकते. तिचे हात लहान आहेत, म्हणून ती राखमानिनोव कधीच वाजवू शकणार नाही, असे तिला वाटते. ते खरे आहे का? (एक पालक, पणजी)

उत्तर : राखमानिनोव यांचा पंजा असामान्य होता. एकाच हाताने ते षड्जापासून वरच्या सप्तकातल्या पंचमापर्यंत पोहोचत, आणि त्यांच्या रचनांतले स्वरसमूह त्याच मापाचे आहेत. दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या आरंभीचे घंटानादासारखे स्वरसमूह अनेक नामांकित वादकही एकदम न दाबता खालून वर ओघळते वाजवतात, त्यामुळे मुलीने तसे वाजवण्यात काही कमीपणा नाही. तिला योसेफ होफमान यांच्याविषयी जरूर सांगावे. राखमानिनोव त्यांना समकालीन वादकांत सर्वश्रेष्ठ मानत आणि तिसरा कॉन्चेर्टो त्यांनी होफमान यांनाच अर्पण केला. होफमान यांचे हात इतके लहान होते की, स्टाइनवे कंपनीने त्यांच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. तो कॉन्चेर्टो मात्र त्यांनी जाहीर मैफलीत कधीच वाजवला नाही.