प्रिंट टाकण्याआधी

भाऊ, सारंगखेड्याच्या यात्रेतले तुझे घोड्यांचे फोटो फार छान आलेत. पण लॅबला ते व्हॉट्सअ‍ॅपवर साधे फोटो म्हणून पाठवू नकोस. फाइल दाबली जाते आणि आयाळीचे केस प्रिंटमध्ये लगदा होतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. मोबाइलचा आडवा ४:३ फोटो त्या मापात वरखालून कापला जातो, म्हणून क्रॉप स्वतःच कर. माझ्या एका प्रिंटमध्ये घोड्याचे कानच गेले, अजून सलतं. स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करून मगच फोटोचा उजेड ठरव, नाहीतर काळा घोडा प्रिंटमध्ये नुसता डाग दिसतो. आधी ४ बाय ६ची एकच काढ, दिवसाउजेडी ओट्यावर नेऊन बघ. भिंतीवर लावायची असेल तर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागदच घे.