टाचेचा गिअर कापला म्हणून क्लेम गेला?

प्रश्न : मी इंदूरला राहतो, नोकरी पीथमपूरच्या कारखान्यात. सेफ्टी शूज दहा नंबरचे. माझ्या बाइकच्या गिअर लिव्हरचा मागचा, टाचेने दाबायचा भाग बुटाला अडायचा, म्हणून मेकॅनिककडून तो आरीने कापून घेतला. गेल्या महिन्यात पलासिया चौकात सिग्नलला उभा असताना मागून कारने धडक दिली. खर्च २१,००० रुपये. सर्व्हेअरने (नुकसान तपासायला आलेल्या माणसाने) लिव्हरचा फोटो काढला आणि विमा कंपनीने ‘अनधिकृत बदल’ म्हणून क्लेम नाकारला. क्लेम फॉर्मवर ‘गाडीत काही बदल केला आहे का’ याला मी ‘नाही’ लिहिलं होतं. आता काय करू?

उत्तर : कंपनीने ‘अनधिकृत’ लिहिलं, पण कोणत्या कलमाखाली? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ बदलाला मनाई करतं ते आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होत असेल तर. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप पालटणारा, रचनेतला फेरफार. आपली आरसी काढून बघा. रंग, इंधन, इंजिनाची क्षमता, चेसिस नंबर सापडेल; लिव्हरला टोकं किती, ते नाही. आणि गिअर आजही पंजाने पडतोच.

साडी गार्ड काढला असता तर मी एवढं ठामपणे बोललो नसतो. मागे बसणाऱ्यासाठी पकड, फुटरेस्ट आणि चाकाचं आवरण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ ने सक्तीचं केलं आहे. लिव्हरच्या टाचेबद्दल त्या नियमात अवाक्षर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) मध्ये दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे खरी, पण ती कायद्याने परवानगी नसलेल्या बदलासाठी. आपल्याला ती लागू होते असं मला वाटत नाही.

दुसरं म्हणजे, आपण उभे होता आणि धडक मागून बसली. लिव्हर अख्खा असता तर कार थांबली असती का? एवढा एक प्रश्न कंपनीला लेखी विचारा. अटीचा भंग झाला असं धरलं तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात क्लेम सरसकट न नाकारता ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून ७५ टक्क्यांपर्यंत देण्याचा मार्ग उचलून धरला. आणि सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हे त्याच न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात सांगितलं आहे. त्या अहवालाची प्रत आधी मागून घ्या.

मला काळजी आहे ती त्या ‘नाही’ची. लिव्हरची बाजू मी आनंदाने लढवेन, पण ग्राहक आयोगासमोर विरुद्ध वकील आपली सही दाखवून ‘हे खोटं का लिहिलं’ असं विचारेल तेव्हा कलम ५२ ऐकायला कुणी थांबणार नाही. म्हणून त्यांच्या आधी आपणच सांगा : ‘पायाला जागा हवी म्हणून टाचेचा भाग काढला होता, हा बदल वाटला नाही, म्हणून फॉर्मवर “नाही” असं लिहिलं.’ खरं असेल तेवढंच लिहा. तारीख टाकून स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

कंपनीच्या तक्रार विभागाला एक महिना द्या. उत्तर पटलं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे नकारापासून एक वर्षाच्या आत जाता येतं, फी नाही आणि वकीलही लागत नाही. (हे सांगून मी माझीच फी बुडवतोय.) नाहीतर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. तिथे केस लावली की लोकपालांचं दार बंद, तेव्हा आधी भोपाळ.

गाडी अजून वर्कशॉपमध्येच आहे ना? मग नवा लिव्हर बसवण्याआधी कापलेल्या टोकाचे, गिअर शाफ्टचे आणि मागच्या मडगार्डवरच्या धडकेचे जवळून फोटो घ्या. आरीने कापलेली कड धारदार राहिली असेल तर ‘पायाला इजा झाली असती’ हा मुद्दा कंपनी उकरून काढेल. जुना लिव्हर भंगारात टाकू देऊ नका, पिशवीत घालून घरी आणा.