शाळेच्या तपासणीत ‘दृष्टी सामान्य’, दुकानात मायनस दीड : कोणते खरे मानावे?

आपल्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेच्या तपासणीत ‘दृष्टी सामान्य’ असा शेरा मिळाला, ती टीव्ही मात्र मान तिरकी करून पाहते आणि चष्म्याच्या दुकानातील यंत्राने दोन्ही डोळ्यांना मायनस दीड नंबर दाखवला, तेव्हा चष्मा करून टाकावा का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की एवढ्यावर चष्मा करू नये. आधी नेत्रतज्ज्ञांकडे डोळ्यांत औषध घालून तपासणी करून घ्यावी.

शाळेतील तपासणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. रांगेत पुढच्या मुलाने मोठ्याने वाचलेली अक्षरे मागच्याला पाठ होतात आणि डोळ्यावर धरलेल्या बोटांच्या फटीतून चांगला डोळा खुशाल डोकावतो. एक डोळा उत्तम आणि दुसरा अधू असेल, तर मूल तक्रारही करत नाही, कारण त्याचे काही अडतच नाही. पुढे मेंदू अधू डोळ्याकडून येणारे चित्र विचारात घेणेच सोडतो. हाच ‘आळशी डोळा’. तो सात-आठ वर्षांच्या आत सापडला, तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी यांनी गुण चांगला येतो; त्यानंतरही येतो, पण कमी आणि सावकाश.

यंत्राच्या आकड्याचे म्हणाल, तर मुलांच्या डोळ्यातील भिंग फार लवचीक असते आणि यंत्रात पाहताना ते जवळचे पाहिल्यासारखे फुगते, त्यामुळे मायनस नंबर वाढून दिसतो; क्वचित प्लस नंबरच्या मुलालाही मायनस दाखवला जातो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब किंवा अ‍ॅट्रोपीनचे मलम घातल्यावर भिंग सैलावते आणि खरा नंबर कळतो. अ‍ॅट्रोपीनचा परिणाम दहा-बारा दिवस टिकू शकतो, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ते लावू नये. चेहरा लाल झाला किंवा ताप आला, तर मलम थांबवून डॉक्टरांना विचारावे.

मान तिरकी करण्यामागे सिलिंडर नंबर (डोळ्याचा पुढचा भाग सगळीकडे सारखा गोल नसल्याने लागणारा) असू शकतो, तसाच डोळा फिरवणाऱ्या एखाद्या स्नायूचा अशक्तपणाही असू शकतो. त्यामुळे नंबर काढून झाल्यावर डोळ्यांच्या हालचाली आणि तिरळेपणा तपासला का, हे आवर्जून विचारा. (‘घाई आहे, नंतर पाहू’ असे उत्तर आले, तर दुसरीकडे जावे.)

थोरल्या चौदा वर्षांच्या मुलाचा सिलिंडर नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो आणि तो सतत डोळे चोळतो, हे आपण ओघात लिहिले आहे. मला मात्र त्याचीच काळजी अधिक वाटते. बुबुळावरचे पारदर्शक पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा आजार, म्हणजे केराटोकोनस, याच वयात डोके वर काढतो. पटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी केल्याशिवाय तो सुरुवातीला सहसा लक्षात येत नाही. वेळीच सापडला, तर पटल घट्ट करणाऱ्या ‘क्रॉसलिंकिंग’ या उपचाराने बहुधा थोपवता येतो. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीवर उपचार करून चोळणे आजपासून बंद करायला हवे. जाताना दोघांच्याही नंबरांचे जुने कागद बरोबर न्यावेत. थोरल्याचा नंबर किती वेगाने बदलला, हे त्यांवरूनच दिसेल.