चित्रकलेचे प्रश्न : आरशातला चेहरा कागदावर

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. स्वतःचं चित्र काढा म्हटलं की बत्तीसच्या बत्तीस चेहरे एकाच साच्यातले येतात. डोळे कपाळावर, मान काडीसारखी. आरसे आणून दिले तर मुलं त्यात वेडावून दाखवत बसतात. कसं शिकवावं? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांच्या लेखी चेहरा म्हणजे डोळे, नाक, तोंड. कपाळावर आणि त्याच्या वर ‘काहीच नाही’, म्हणून त्यांना कागदावर जागा मिळत नाही आणि डोळे वर सरकतात. खरं तर टाळू ते हनुवटी या अंतराच्या साधारण मध्यावर डोळे असतात. हे फळ्यावर लिहून दिलंत तर मुलं जुना साचा सोडून नवा उचलतील, एवढंच. त्यांनाच शोधू द्या.

दोघांत एक आरसा पुरे, १५ सेंटीमीटर तरी उंच हवा. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा. आरसा बाकावर आडवा ठेवला की मूल वरून वाकतं आणि त्याला नाकपुड्याच दिसतात. जोडीदाराला तो उभा, डोळ्यांच्या पातळीवर धरायला सांगा. वेडावून दाखवायला पहिली पाच मिनिटं देऊनच टाका.

मग एक डोळा मिटायचा, मान स्थिर ठेवायची आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने काचेवरच टाळू, उघडा डोळा आणि हनुवटी यांच्या खुणा करायच्या. दोन्ही डोळे उघडे राहिले तर खूण कुठे करावी तेच कळत नाही. केस फुगलेले असतील तर हाताने दाबून टाळू शोधावी. आता पट्टीने मोजू द्या. डोळा मध्यावर येतो, आणि काचेवरचं डोकं खऱ्याच्या निम्मं भरतं. मागे सरकून पुन्हा खुणा केल्या तरी निम्मंच! मुलांना हे पटत नाही, ती पुन्हा मोजतात. आपल्याला तेच हवं असतं. मार्कर कोरड्या फडक्याने पुसला जातो; कायमच्या शाईचा मात्र घेऊ नका.

एवढ्यात एक तास संपेल. दुसऱ्या तासाला ए-४ कागद उभा धरून मुलाच्या वितेएवढा चेहरा काढायचा. रेखाटन पेन्सिलीऐवजी पिवळ्या तेलखडूने करा, कारण शिसं तेलखडूत मिसळून गालावर करडे डाग पडतात. बुबुळ पूर्ण गोल काढलं की चेहरा दचकलेला दिसतो. वरच्या पापणीखाली त्याचा थोडा भाग झाकलेला असतो, तो आरशात बघायला लावा. दातांमध्ये रेघा मारल्या की कंगवा होतो. मान किती रुंद, हे मुलांनी दोन्ही तळहात गळ्याला लावून पाहावं.

अमृता शेर-गिल यांची पॅरिसच्या काळातली स्वचित्रं जरूर दाखवा, पण शेवटी. आधी दाखवलीत तर वर्गभर त्यांचीच नक्कल होईल.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. डबीतला ‘स्किन कलर’ लावला की चेहरा गुलाबी होतो. सावळा रंग कसा आणावा? (एक पालक, नागपूर)

उत्तर : ती कांडी त्याच्या मनगटाजवळ धरा, त्याचं त्यालाच कळेल. तेलखडूत आधी यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, पातळ थर, त्यावर हलक्या हाताने तपकिरी, थोडा नारिंगी, आणि बोटाने एकजीव. हनुवटीखाली जांभळ्याचा नुसता स्पर्श. पोस्टर रंगात दोन भाग पिवळा, एक भाग लाल आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढाच निळा. रंग हिरवट झाला तर निळा जास्त पडलाय, लाल वाढवा. गडद करायला काळा नको. पिवळ्यात काळा गेला की शेवाळी रंग येतो.

आणि दुसरीत डोळे कपाळावर आले तर येऊ द्या. तीळ, पडलेला दात, भांग कुठल्या बाजूला, एवढं त्याने टिपलं तरी भरपूर झालं.