आधी डिव्हिजन, मग बाकीचा हिशेब: एनएफएल प्लेऑफची प्रश्नोत्तरे

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, साखळी हंगाम संपत आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो: जास्त सामने जिंकलेला संघ घरी आणि कमी जिंकलेला प्लेऑफमध्ये, हे कसं? या वेळची बहुतेक पत्रं त्याच भोवती फिरणारी आहेत.

मुलगा डॅलसला असतो, त्याच्यामुळे मीही अमेरिकन फुटबॉल बघायला लागलो. गुणतक्ता आठ तुकड्यांत का असतो आणि त्यातून पुढे कोण जातं, हे अगदी पहिल्यापासून सांगाल का? (नाशिक)

सांगतो. एकूण ३२ संघ. त्यांच्या एएफसी आणि एनएफसी अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत १६ संघ. प्रत्येक कॉन्फरन्सच्या पूर्व, उत्तर, दक्षिण, पश्चिम अशा चार डिव्हिजन आणि एका डिव्हिजनमध्ये चारच संघ. २००२ पासून हीच रचना आहे. तुमच्या मुलाचा डॅलस काउबॉइज एनएफसी पूर्वमध्ये आहे. नकाशावर डॅलस पूर्वेला येत नाही, पण फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क जायंट्सशी असलेली जुनी खुन्नस मोडायची नव्हती, म्हणून त्याला तिथेच ठेवलं.

प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ प्लेऑफला जातात. चार डिव्हिजनचे चार विजेते थेट आत, आणि त्यांना मानांकन १ ते ४. उरलेल्या बारांतले सर्वोत्तम तीन वाइल्ड कार्डने येतात, त्यांचं मानांकन ५ ते ७. पहिल्या मानांकनाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. बाकी २ विरुद्ध ७, ३ विरुद्ध ६, ४ विरुद्ध ५, आणि सामना वरच्या मानांकनाच्या घरी. २०१९ च्या हंगामापर्यंत सहाच संघ जायचे आणि पहिल्या दोघांना पुढे चाल असायची.

आयपीएलसारखा एकच तक्ता लावून वरचे संघ का घेत नाहीत? डिव्हिजनचं हे लचांड हवंच कशाला? (पुणे)

आयपीएलमध्ये प्रत्येक संघ इतर सगळ्यांशी निदान एकदा तरी खेळतो. इथे प्रतिस्पर्धी ३१ आणि सामने फक्त १७. म्हणजे दोन संघांनी दहा-दहा सामने जिंकले, तरी ते कोणाविरुद्ध जिंकले यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

सतरा सामन्यांची वाटणी बघा. आपल्या डिव्हिजनमधल्या तिघांशी दोन-दोनदा, झाले सहा. आपल्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या एका पूर्ण डिव्हिजनशी चार, समोरच्या कॉन्फरन्समधल्या एका डिव्हिजनशी चार. या डिव्हिजन दरवर्षी फिरत्या असतात. राहिले तीन. ते गेल्या हंगामात आपापल्या डिव्हिजनमध्ये आपल्याच क्रमांकावर राहिलेल्या संघांशी. एका डिव्हिजनच्या चारही संघांचे सतरापैकी चौदा सामने अशा प्रकारे जवळपास सारखे होतात. या खेळात तुलना कुठे प्रामाणिक होत असेल, तर ती डिव्हिजनच्या आत. म्हणून डिव्हिजन जिंकणाऱ्याला थेट प्रवेश देणं मला पूर्णपणे न्याय्य वाटतं.

मी सिअ‍ॅटलजवळ राहते. आमचा संघ एकदा जिंकले कमी, हरले जास्त, तरी प्लेऑफला गेला होता असं ऑफिसात अभिमानाने सांगतात. खरं का? (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य)

अगदी खरं. २०१० च्या हंगामात सिअ‍ॅटल सीहॉक्स ७ विजय आणि ९ पराभव घेऊन एनएफसी पश्चिममध्ये पहिले आले. डिव्हिजन विजेते म्हणून चौथं मानांकन मिळालं आणि ११-५ अशी कामगिरी असलेल्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना सिअ‍ॅटलला यावं लागलं. सेंट्स आदल्या वर्षीचे विजेते. सिअ‍ॅटल ४१-३६ ने जिंकलं. त्यांच्या मार्शॉन लिंचच्या ६७ यार्डांच्या धावेवर प्रेक्षकांनी असा काही दंगा केला की जवळच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पुढे २०१४ मध्ये कॅरोलिना (७-८-१, शेवटचा आकडा बरोबरीचा), २०२० मध्ये वॉशिंग्टन (७-९) आणि २०२२ मध्ये टॅम्पा बे (८-९) असेच आत आले.

थेट प्रवेश न्याय्य आहे असं मी वर म्हटलं, पण घरचं मैदान ही वेगळी गोष्ट आहे. तो नियम मला खटकतो. २०२४ मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज १४-३ होते. शेवटच्या सामन्यात डेट्रॉइट लायन्सकडून ३१-९ ने हरले. तो जिंकते तर पहिलं मानांकन आणि पुढे चाल. हरले म्हणून डिव्हिजनमध्ये दुसरे आणि थेट पाचवं मानांकन. चौदा सामने जिंकलेल्या संघाला १०-७ वाल्या लॉस एंजेलिस रॅम्सचा पाहुणा व्हावं लागलं. (लॉस एंजेलिसमधल्या वणव्यांमुळे तो सामना अ‍ॅरिझोनात झाला, तरी यजमान रॅम्सच होते.) वायकिंग्ज २७-९ ने हरले. त्यानंतर मानांकन कामगिरीवर द्यावं असा प्रस्ताव मांडला तो खुद्द लायन्सनी, म्हणजे ज्यांचा या नियमाने फायदा झाला होता त्यांनीच. मे २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. डिव्हिजन जिंकणाऱ्याला प्रवेश द्यावा, यजमानपद मात्र त्याने कमवावं, असं माझं ठाम मत आहे.

दोन संघांचे विजय-पराभव सारखे असतील तर काय? नेट रन रेटसारखं काही आहे का? (ठाणे)

आहे, पण फार खाली. गुणांच्या फरकापर्यंत गाडी सहसा पोचतच नाही. एकाच डिव्हिजनमधल्या दोन संघांसाठी क्रम असा: आधी आमनेसामनेचे निकाल, मग डिव्हिजनमधली कामगिरी, मग दोघांच्या समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली. त्यानंतर ज्या संघांना हरवलं त्यांची ताकद, म्हणजे त्यांचे एकत्रित विजय-पराभव, मग ज्यांच्याशी खेळलो त्या सगळ्यांची ताकद. अगदी शेवटी नाणेफेक.

२००८ च्या एएफसी पूर्वमध्ये मायामी डॉल्फिन्स आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्स दोघंही ११-५. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊनही पॅट्रियट्सनी एवढी मजल मारली होती. आमनेसामने एक-एक. डिव्हिजनमध्ये दोघंही ४-२. समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धही बरोबरी. चौथ्या पायरीवर निकाल लागला: कॉन्फरन्समध्ये मायामी ८-४, न्यू इंग्लंड ७-५. आता गंमत बघा. पॅट्रियट्सनी समोरच्या कॉन्फरन्सचे चारही सामने जिंकले होते, त्यात अ‍ॅरिझोनाला तर ४७-७ असं धुतलं होतं. ते चारही विजय या पायरीवर मोजलेच जात नाहीत. वाइल्ड कार्डच्या शर्यतीतही ११-५ वाल्या बाल्टिमोरची कॉन्फरन्समधली कामगिरी ८-४, म्हणून ते आत आणि पॅट्रियट्स बाहेर. त्याच वर्षी सॅन डिएगो चार्जर्स ८-८ वर एएफसी पश्चिम जिंकले आणि १२-४ वाल्या इंडियानापोलिसला आपल्या घरी ओव्हरटाइममध्ये हरवून मोकळे झाले.

पाचव्या पायरीचंही एक ताजं उदाहरण आहे. २०२४ मध्ये रॅम्स आणि सिअ‍ॅटल १०-७ वर बरोबरीत राहिले, पण डिव्हिजन रॅम्सची हे एक आठवडा आधीच नक्की झालं होतं. कसं? रॅम्स शनिवारी जिंकून मोकळे झाले होते. रविवारी रात्री वॉशिंग्टनने अटलांटाला ओव्हरटाइममध्ये हरवलं. सिअ‍ॅटलने आधी अटलांटाला हरवलेलं होतं. अटलांटा हरली, तशी सिअ‍ॅटलच्या त्या विजयाची किंमत घसरली आणि रॅम्सना गाठणं अशक्य झालं. चाहत्याने आपल्या संघाने हरवलेल्या संघांसाठी टाळ्या का वाजवाव्यात, याचं उत्तर इथे आहे.

सामना बरोबरीत सुटला तर? (एडिसन, न्यू जर्सी)

बरोबरी म्हणजे अर्धा विजय, अर्धा पराभव. क्वचित होते, पण झाली की सगळा तक्ता हलवते. ९ जानेवारी २०२२, साखळीतला शेवटचा सामना, लास वेगास रेडर्स विरुद्ध चार्जर्स. त्याच दिवशी जॅक्सनव्हिलने इंडियानापोलिसला हरवल्यामुळे विचित्र स्थिती आली: हा सामना बरोबरीत सुटला असता तर दोघंही आत आणि पिट्सबर्ग बाहेर. चार्जर्सनी निर्धारित वेळेच्या शेवटच्या चेंडूफेकीवर २९-२९ केलं. ओव्हरटाइममध्ये ३२-३२. अखेरचे काही सेकंद उरले असताना रेडर्सच्या डॅनियल कार्लसनने ४७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि रेडर्स ३५-३२ ने जिंकले. पिट्सबर्ग ९-७-१ वर आत आलं, चार्जर्स ९-८ वर बाहेर. पिट्सबर्गची ती एक बरोबरी नोव्हेंबरात डेट्रॉइटशी झालेली १६-१६ होती. त्या दिवशी तिच्यावर सगळ्यांनी टीका केली होती.

तक्त्यात संघाच्या नावापुढे एक्स, वाय, झेड ही अक्षरं दिसतात. ती कसली? (कोल्हापूर)

एक्स म्हणजे प्लेऑफमधली जागा पक्की, वाय म्हणजे डिव्हिजन जिंकली, झेड म्हणजे पहिलं मानांकन आणि पुढे चाल. ई दिसलं की त्या संघाचा हंगाम संपला.

अख्खा हंगाम बघणं जमत नाही. एकच दिवस जागायचं तर कोणता? (पणजी)

अठराव्या आठवड्याचा रविवार. २०१० पासून शेवटच्या आठवड्यात सगळे सामने डिव्हिजनच्या आतलेच ठेवतात, त्यामुळे बऱ्याच जागांचा निकाल त्याच दिवशी लागतो. वेळा आधीच्या आठवड्याचे निकाल बघून ठरवतात आणि एकमेकांवर अवलंबून असलेले सामने शक्यतो एकाच वेळी लावतात. आपल्याकडे पहिले सामने रात्री साडेअकराला सुरू होतात, दुसरे तीनच्या सुमारास. एखादी जागा एकाच सामन्यावर अडली असेल, तर तो सामना रविवार रात्रीसाठी राखून ठेवतात, म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी. जागरण जमणार नसेल, तर रात्री झोपा आणि तेवढा एक चुकवू नका.