पहिल्या लांबच्या ग्रुप राइडआधी एवढं वाच

मांडवा ते मुरूड हा मार्ग पहिल्या खेपेला उत्तम निवडलास. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (वाहनं नेणाऱ्या बोटीने) सायकलसकट पलीकडे जाता येतं, म्हणजे शहरातली गर्दी टळते. अंतर साधारण ७० किलोमीटर. घाबरू नकोस, जमेल.

सगळ्यात महत्त्वाचा वेग. सकाळी गार वारा असतो, पाय ताजे असतात, पुढचे सुसाट निघतात आणि नवा माणूस त्यांच्या मागे लागतो. अलिबागनंतर तोच रस्त्याकडेला बसलेला दिसतो. शेजाऱ्याशी सलग गप्पा मारता येतील, तोच तुझा वेग. मागे पडलीस तरी लाज वाटून घेऊ नकोस. चांगल्या ग्रुपमध्ये शेवटी एक अनुभवी स्वार असतोच.

बाकी थोडक्यात:

- तहान लागायची वाट बघू नकोस. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम खूप जातो. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाल. दर तासाला केळं, चिक्की, काहीतरी खा.
- पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक समांतर नेऊ नकोस. तो जरा वळला की तूच पडशील. खड्डा हाताने दाखव, अचानक ब्रेक नको.
- नवी सीट, नवे बूट त्या दिवशी नकोत.
- जादा ट्यूब आणि पंप हवाच. ट्यूब बदलायचा सराव घरीच कर.

गिअर, क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) वगैरे नंतर बघू. आधी सीटची उंची तपास: सीटवर बसून टाच पेडलवर ठेव. पेडल खाली असताना पाय सरळ होतोय का ते पाहा. नसेल तर सीट वर घे, गुडघे वाचतील.